पाय म्हणाला, मी शरीराचा नाही

"ताई, मी आता बाहेरची झाले का?"

माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या एका बाईंनी खुर्चीत नीट टेकण्याआधीच हे विचारलं. हातात पिशवी, पिशवीत बायबल आणि गुडघ्याच्या गोळ्या. वय साठीच्या पुढचं. एका मिशन हॉस्पिटलात तीस वर्षं नर्स म्हणून काढलेली, म्हणून मी त्यांना सिस्टर म्हणू लागले. (ओळख पटू नये म्हणून गाव, वय, घरचे तपशील मी बदललेत. त्यांची परवानगी घेऊनच लिहितेय.)

गोष्ट तशी साधी होती. हंगामाच्या सणाला मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, लिलाव होतो. कुणी बाजरीचं पोतं आणतं, कुणी कोंबडी, कुणी नारळ, आणि बोली लागते. त्या पैशांचा हिशेब सिस्टरांनी वार्षिक सभेत मागितला. आरोप केला नव्हता, फक्त विचारलं होतं. कमिटीतले एक गृहस्थ उठून म्हणाले, "आपण एक शरीर आहोत. डोकं डोक्याचं काम करील, हातांनी हाताचं करावं." सभा हसली. त्यानंतर भजनाच्या ओळीत त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. चार महिन्यांनी त्यांचे यजमान गेले. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आले, दफनविधी झाला. पण ज्या महिला मंडळात त्या वीस वर्षं गायल्या, त्यातल्या दोघीतिघीच घरी आल्या. सिस्टरांनी चर्चला जाणं सोडलं. चौदा महिने झाले होते. रविवारी फोनवर कुठल्यातरी मोठ्या शहरातली उपासना लावायच्या. प्रभुभोजनाची, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायची, वेळ आली की फोन पालथा ठेवायच्या.

मग महिला मंडळाच्या ग्रुपवर एक वाक्य आलं, मंडळीबाहेर तारण (मुक्ती) नाही. खाली हात जोडलेले आणि दोन गुलाब. कुणासाठी होतं ते सगळ्यांना कळलं.

आता मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलीचा हट्ट, आईबाबांचं झालं त्याच चर्चमध्ये माझं होणार. म्हणजे पाळकांकडे जाणं आलं. सिस्टर म्हणाल्या, "मंडळी ही ख्रिस्ताची नवरी. मी मंडळीत नाही. मग ख्रिस्त वर म्हणून येईल तेव्हा मी दाराबाहेरच ना? येशूच्या दाखल्यातल्या, दार बंद झालं त्या पाच मूर्ख कुमारींसारखी? आणि अशा बाईनं मुलीचं लग्न मागायला कुठल्या तोंडानं जावं?"

हा प्रश्न मला वर्षातून पाचसहा वेळा तरी ऐकू येतो. कधी घटस्फोटित मुलगी विचारते, कधी आंतरधर्मीय लग्न केलेला मुलगा, कधी मंडळी दुभंगल्यावर कोर्टात साक्ष दिलेला कुणी म्हातारा. शब्द वेगळे, भीती तीच.

दुसऱ्या भेटीत माझी चूक झाली. बायबलमधल्या, प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा बारावा अध्याय काढला आणि एकविसावं वचन त्यांच्यापुढे ठेवलं, डोळ्याला हाताला म्हणता येत नाही की मला तुझी गरज नाही. माझ्या मनात होतं की मंडळीला त्यांची गरज आहे हे त्यांना कळावं. त्यांनी ऐकलं ते उलटं, तुला मंडळीची गरज आहे, जा परत. चेहरा बंद झाला. "हेच तर सभेत म्हणाले होते," एवढंच बोलल्या आणि वेळ संपायच्या आत उठल्या. वचन खरं असतं, पण ते कुणाच्या हातून, कधी येतं यावर त्याचं औषध होतं की चटका, हे ठरतं. इतक्या वर्षांनीही मी घाई करते.

तिसऱ्या भेटीला त्या येतील की नाही अशी धास्ती होती. आल्या. या वेळी मी बायबल उघडलं नाही, त्यांना एक जुनी रोमन गोष्ट सांगितली. इसवी सनापूर्वी 494 मध्ये रोमचे सामान्य लोक कर्जाला आणि जुलमाला कंटाळून शहर सोडून डोंगरावर जाऊन बसले. त्यांची समजूत घालायला मेनेनियस अग्रिप्पा नावाचा पुढारी गेला. त्यानं सांगितलं, एकदा हातांनी, तोंडानं, दातांनी पोटाविरुद्ध संप केला, की आम्ही राबतो आणि हे नुसतं खातं. पोट उपाशी राहिलं आणि सगळं शरीरच खंगलं. तात्पर्य, राबणाऱ्यांनी परत यावं. शरीराचा दाखला म्हणजे त्या जगात बहुधा हेच होतं, वरच्यांनी खालच्यांना जागेवर बसवायची युक्ती.

सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे आमचे कमिटीवाले रोमन."

आम्ही दोघी पहिल्यांदा हसलो.

पौल तोच दाखला उचलतो, पण पालथा करून. तो लिहीत होता 54-55 च्या सुमारास, इफिसहून, आणि ज्यांना लिहीत होता ती करिंथची मंडळी काही आदर्श नव्हती. मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा असे तट पडलेले. भावाभावांचे खटले कोर्टात. प्रभुभोजनाला आधी येणारे खाऊनपिऊन तर्र, मागून येणारे उपाशी. अशांना तो म्हणतो की तुम्ही ख्रिस्ताचं शरीर आहात. व्हाल असं म्हणत नाही. आणि पुढे म्हणतो, जे अवयव दुबळे वाटतात तेच अधिक गरजेचे, ज्यांना कमी मान त्यांनाच देवानं अधिक मान दिला. अग्रिप्पानं हातापायांना गप्प केलं. पौल डोक्याशी आणि डोळ्याशी बोलतोय. हात जोडून बसलेल्या बाईला तो दाखला मारायला वापरणं म्हणजे पत्र पालथं वाचणं.

मग मी त्यांना पंधरावं वचन स्वतःच वाचायला सांगितलं. त्यांनी चष्मा लावला. पाय म्हणाला, मी हात नाही म्हणून मी शरीराचा नाही, तर त्यामुळे तो शरीराचा नाही असं होत नाही. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग विचारलं, "पायानं स्वतःच म्हटलं तरी?"

तरीही.

"आणि दुसऱ्यांनी म्हटलं तर?"

मी म्हटलं, पायाच्या स्वतःच्या म्हणण्यानं जे तुटत नाही, ते दुसऱ्याच्या गुलाबांच्या फॉरवर्डनं कसं तुटेल? 'मंडळीबाहेर तारण नाही' हे वाक्य मुळात तिसऱ्या शतकातल्या कार्थेजच्या बिशप सिप्रियनचं. मंडळीतून फुटून निघालेल्यांनी दिलेला बाप्तिस्मा धरायचा की नाही, या वादात त्यानं ते लिहिलं. लिलावाचा हिशेब मागणाऱ्या विधवेसाठी नव्हे.

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग जे बोलल्या ते मला कुठल्याच शिबिरात कुणी शिकवलं नव्हतं. नोकरीची अर्धी वर्षं त्यांनी कुष्ठविभागात काढली होती. "लोकांना वाटतं, या रोगात बोटं आपोआप झडतात. तसं नसतं हो. नस मरते, संवेदना जाते. मग बाई तव्यावर हात ठेवते आणि तिला कळत नाही. चप्पलेतला खिळा दिवसभर टोचतो, कळत नाही. रात्री उंदीर कुरतडून जातो. आम्ही रोज संध्याकाळी हातपाय तपासायला शिकवायचो, डोळ्यांनी बघा, कारण दुखणार नाही." वेल्लोरला कुष्ठरोग्यांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच पुढे आणलं होतं, की बोटांचं नुकसान मुख्यतः वेदना हरवल्यानं होतं. सिस्टरांना ते नाव ठाऊक होतं.

थोड्या वेळानं म्हणाल्या, "मला वाटत होतं, मी तुटलेलं बोट आहे. पण मला तर दुखतंय. चौदा महिने दुखतंय. बधिर झालेलं दुसरंच काहीतरी आहे."

सव्विसावं वचन, एक अवयव दुखावला तर सगळे अवयव त्याच्याबरोबर दुखावतात, मला काढावंच लागलं नाही.

नवरीचं मात्र राहिलं होतं. तिथे मला आमच्या भाषेनं मदत केली. माझे आजोबा आजीला नावानं हाक मारत नसत. दाराशी कुणी आलं की सांगायचे, "आमची मंडळी माहेरी गेलीय." पुष्कळ जुनी माणसं बायकोला अशीच 'आमची मंडळी' म्हणायची. बायबलच्या मराठीत त्या ग्रीक शब्दाला, ज्याचा अर्थ बोलावून जमवलेली सभा, मंडळी हा शब्द मिळाला आणि सभा आणि बायको एकाच शब्दात येऊन बसल्या. मला हा योगायोग फार आवडतो. आजी एकदा रुसून तीन महिने माहेरी राहिली होती, चूक आजोबांच्या बहिणीची होती असं घरात सगळे मान्य करतात. त्या तीन महिन्यांतही आजोबा दाराशी हेच सांगत होते, आमची मंडळी माहेरी गेलीय.

सिस्टरांच्या डोळ्यात पाणी आलं. मी पुढे बोलले नाही.

नंतर कधीतरी बाकीचं बोललो. त्या काळच्या यहुदी रीतीत वाग्दान झालं की नातं कायद्यानं पक्कं होई. मरीया अजून योसेफाच्या घरी गेली नव्हती, तरी नातं मोडायचं तर सोडचिठ्ठीच द्यावी लागली असती. मंडळीचं वाग्दान झालंय, वरात अजून यायची आहे. मधला काळ धुण्याचा, आणि पौलाच्या इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात धुणारा वरच, म्हणजे ख्रिस्तच आहे. डाग, सुरकुती नसलेली नवरी हे त्यानं करायचं काम आहे, तिच्याकडून आधी मागितलेला दाखला नव्हे. आणि त्या दहा कुमारी नवरीच नव्हत्या. त्या वराला सामोऱ्या गेलेल्या, आपल्याकडच्या करवल्यांसारख्या. सिस्टरांनी वचन पुन्हा तपासलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, खरंच की!"

याच पाचव्या अध्यायावर बोट ठेवून बायकोला गप्प बसवणारे नवरे माझ्याकडे येतात. त्यांना मी एवढंच विचारते की वरानं नवरीसाठी जीव दिला, तुम्ही काय दिलंत? आणि एक निवृत्त हवालदार होते, मिशांना पीळ देत म्हणाले, "मी नवरी? चालायचं नाही." त्यांना सांगावं लागलं की नवरी एकच आहे, सगळे मिळून. मिशा चालतील.

मात्र सरसकट सगळ्यांना मी परत जा असं सांगत नाही. जिथे पाळकानं किंवा पुढाऱ्यानं अंगाला हात लावलाय, धमकी दिलीय, तिथे त्या बाकावर परत बसवणं म्हणजे उघड्या जखमेवर पट्टी बांधून ती आत कुजवणं. तिथे आधी पोलीस, आधी सुरक्षितता. सिस्टरांचं तसं नव्हतं.

त्यांना मी एक काम दिलं. मंडळी म्हणजे कमिटी नव्हे. यजमानांच्या आजारात आणि नंतर कोण कोण आलं ते कागदावर लिहा. त्या म्हणाल्या, तीन नावं होतील. पुढच्या वेळी अकरा घेऊन आल्या. डबा आणणारी शेजारीण, चर्च झाडणारा म्हातारा जो रात्री हॉस्पिटलच्या जिन्यावर बसून राहिला, हार्मोनियम वाजवणारा पोरगा, नगरहून बसनं आलेली जुनी वॉर्डआया. यादी पाहून त्या स्वतःच अवघडल्या. "यांना मी चौदा महिने भेटले नाही."

एकदा त्यांनी टिळकांचा विषय काढला. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत म्हणून. "ते बाहेर पडले आणि त्यांचीच भजनं आम्ही गातो." मी म्हटलं, त्यांचं दुखणं वेगळं होतं, स्वप्नही वेगळं होतं. पण तुमचं म्हणणं खरं, मिशन आणि शरीर या दोन गोष्टी त्यांनी एक मानल्या नाहीत.

लग्नाची सूचना तीन रविवार उपासनेत वाचतात. पहिल्या रविवारी त्या गेल्या. शेवटच्या बाकावर, चपलांजवळ. कोणाची हरकत असल्यास कळवावे, हे वाचल्यावर क्षणभर शांतता असते. त्या क्षणी घशाला कोरड पडली असं त्यांनी सांगितलं. कुणी काही बोललं नाही. मागून कुणीतरी खोकलं. बाहेर पडताना महिला मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी विचारलं, "हळदीला गाणी कोण म्हणणार?" माफी मागितली नाही. सिस्टरांनीही मागायला लावली नाही. त्या हळदीला मंडळातल्या नऊजणी आल्या.

प्रभुभोजन त्यांनी त्या दिवशी घेतलं नाही, त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. मी विचारलं नाही. ईस्टरला घेतलं असं नंतर कळलं.

परवा फोन आला होता. लिलावाचा हिशेब अजून मिळालेला नाही. त्यांनी कमिटीला पुन्हा पत्र दिलंय. या वेळी खाली सात सह्या आहेत, एक अंगठा धरून.