गोष्टी विकल्या म्हणजे एआयला शिकवायचा हक्कपण विकला का?

वेंगुर्ल्याच्या एका ताईंनी विचारलंय. २०१६ साली त्यांनी मालवणी गोष्टी एका प्रकाशकाला दिल्या, एकरकमी पैसे घेतले, एका पानावर सही केली. आता प्रकाशक म्हणतो गोष्टी एआय कंपनीला ट्रेनिंगसाठी दिल्यात, सगळे हक्क माझेच आहेत, आणि वर एक संमतीपत्र पाठवलंय सही करून द्या म्हणून.

ताई, त्या संमतीपत्रावर अजिबात सही करू नका. हक्क खरंच त्याचे असते तर आता तुमची सही कशाला लागली असती?

आधी ते जुनं पान शोधा, सगळी केस त्याच्यावर आहे. त्यात मुदत लिहिलीय का बघा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर हक्क फक्त ५ वर्षांसाठी दिले असं धरतात, म्हणजे नुसतं "सर्व हक्क दिले" एवढंच असेल तर २०२१ मध्येच विषय संपला, गोष्टी परत तुमच्या.

"कायमचे" लिहिलं असलं तरी घाबरू नका. कलम १८ मध्ये २०१२ साली एक दुरुस्ती झाली, करार करताना जो वापर अस्तित्वातच नव्हता किंवा धंद्यात नव्हता तो करारात स्पष्ट लिहिला नसेल तर करार त्याला लागू होत नाही. समोरचा वकील म्हणेल मशीन लर्निंग, म्हणजे संगणकाला उदाहरणांवरून शिकवणं, तेव्हाही होतंच, इथेच खरी लढत होईल, पण २०१६ ला मालवणी गोष्टी ट्रेनिंगसाठी कोण विकत घेत होतं? माझ्या मते तुमची बाजू जड आहे.

ट्रेनिंग म्हणजेच कॉपीराइटचा भंग का, हा प्रश्न एएनआय या वृत्तसंस्थेने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयवर नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टात टाकलेल्या दाव्यात आहे. तुम्ही त्यासाठी थांबू नका, तुमचं भांडण प्रकाशकाशी आहे, त्याने हक्क नसताना फाईल कॉपी करून तिसऱ्याला दिली का एवढंच.

वकिलामार्फत नोटीस पाठवा आणि कुठल्या कंपनीला, कधी, कुठल्या गोष्टी, किती पैसे घेऊन दिल्या हे लेखी मागा. फोनवर काही बोलू नका. हस्तलिखित वहीच्या पानापानाचे फोटो आजच काढा, आपल्याकडे पावसाळ्यात कागदाला बुरशी धरायला वेळ लागत नाही, आणि गोष्टी पाठवलेले जुने ईमेल डिलीट करू नका. कॉपीराइटचं रजिस्ट्रेशन नाही म्हणून प्रकाशक दम देईल, पण हक्क लिहिल्याबरोबर तयार होतो, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाहीच. दावा लावायला मुंबईलाही जायला नको, कलम ६२ मुळे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा कोर्टात, म्हणजे ओरोसला, लावता येतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, शिकून झालेल्या एआय मॉडेलमधून तुमच्या गोष्टी परत काढणं फार अवघड आहे. म्हणून नोटिशीत वरच्या माहितीशिवाय दोनच मागण्या ठेवा, मिळालेल्या पैशांचा हिशोब आणि यापुढे कुणालाही द्यायच्या नाहीत. मालवणीत लिहिलेलं मुळातच कमी आहे, म्हणूनच या कंपन्यांना ते हवंय, आणि ज्या बाईने ते लिहिलं तिलाच कोणी विचारत नाही याचा मला खरंच राग येतो. भंगाच्या दाव्याला ३ वर्षांची मुदत असते, तेव्हा कागद सापडला की लगेच कुडाळ किंवा सावंतवाडीत कॉपीराइटची कामं करणारा वकील गाठा.