लाँजिन्स घड्याळामागील ‘जी. आय. पी. रेल्वे’ आणि मूळ मालकाचा शोध

पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेल्या आपल्या लाँजिन्स मनगटी घड्याळाच्या पाठीवर दोन आद्याक्षरे, ‘जी. आय. पी. रेल्वे’ (म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) आणि १९३६ हे साल कोरलेले आहे. त्यावरून मूळ मालक सापडेल का, असे आपण विचारले आहे. घड्याळाची जन्मवेळ बहुधा कळेल, माणूस मात्र कंपनीकडून कळणार नाही.

प्रथम जाणत्या घड्याळजीकडून झाकण उघडून आतील यंत्रावरचा क्रमांक उतरवून घ्यावा. स्वित्झर्लंडमधील सें-इमिये येथे लाँजिन्सने आपल्या जुन्या नोंदवह्या जपल्या आहेत आणि क्रमांक कळवल्यास ते घड्याळ कधी व कोणत्या विक्रेत्याकडे पाठवले गेले, हे तिथून सांगितले जाते. दुकानातून ते कोणी नेले, हे त्या वहीत नसते. तरीही ही तारीख मोलाची आहे, कारण आपल्याकडे एकाचे यंत्र दुसऱ्याच्या झाकणात बसवून आणि डायल नव्याने रंगवून विकण्याची रीत जुनी आहे. यंत्र १९३६ नंतर कारखान्यातून निघाले असेल, तर कोरलेला मजकूर वेगळ्याच घड्याळाचा समजावा.

तारीख जुळली तर मग अक्षरांकडे वळावे. आद्याक्षरे आणि साल असेल तर ती बहुधा निवृत्तीची किंवा निरोपाची भेट असते. नुसता अनुक्रमांक असता तर ती रेल्वेची मालमत्ता ठरली असती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १९५१ साली मध्य रेल्वेत विलीन झाली. तिच्या अधिकाऱ्यांची नावे त्या काळच्या थॅकर या प्रकाशकाच्या वार्षिक निर्देशिकेत, म्हणजे नावपत्त्यांच्या पुस्तकात, मिळू शकतात, आणि ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या (भारताचा कारभार पाहणाऱ्या जुन्या ब्रिटिश सरकारी खात्याच्या) दप्तरातही रेल्वे नोकरांच्या नोंदी आहेत. १९३६च्या आसपासच्या दोन-तीन वर्षांच्या निर्देशिका शेजारी ठेवून, एका वर्षी असलेले आणि पुढच्या वर्षी नाहीसे झालेले नाव आद्याक्षरांशी ताडून पाहावे. अर्थात या निर्देशिका मुख्यतः साहेबलोकांच्या. गार्ड, फिटर, कारकून त्यांत क्वचितच दिसतात, म्हणून नाव न मिळाल्यास मालक भारतीय असण्याची शक्यता मी तरी गंभीरपणे धरेन.

झाकणाच्या आतील बाजूस टोच्याने ओरखडलेले बारीक आकडेही दुर्लक्षू नयेत. ते बहुतेकदा दुरुस्तीच्या वहीतील क्रमांक असतात. माझ्या स्वतःच्या एका घड्याळाचा धागा असाच जुळला: ज्या घड्याळजीने ते उघडले, त्यानेच आपल्या वडिलांचे अक्षर ओळखले आणि माळ्यावरून जुनी वही काढली. साहेबाचे म्हणून मी मिरवत असलेले ते घड्याळ एका शाळामास्तरांचे निघाले! दुकान बंद पडले असते, तर हा मार्गही खुंटला असता.

तूर्त आतील-बाहेरील सर्व खुणांची तिरप्या उजेडात छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि घड्याळजीने झाकणाला पॉलिश करून देऊ का असे विचारले, तर स्पष्ट नकार द्यावा. उथळ कोरलेली अक्षरे एकाच घासणीत पुसट होतात.