गावाच्या विकास आराखड्यासाठी घरोघरी सर्व्हे करायचाय, लोकांना काय विचारावं?

तुम्ही लिहिलंय की घरोघरी जाऊन ‘गावात काय काय हवं’ ते विचारणार आहात. नेमकं तेच नका विचारू. आमच्या गावात (बीड जिल्हा) ग्रामपंचायतीच्या आराखड्यासाठी आम्ही चौघं वह्या घेऊन हेच विचारत फिरलो, आणि दर दुसऱ्या घरी सभामंडप नाहीतर सिमेंट रस्ता पदरात पडला. ‘पाणी पुरतं का?’ तर म्हणे पुरतं की! मग खालच्या वस्तीवर एका मावशींना सहज विचारलं, काल नळ कधी आला, हंडे किती भरले? रात्री अकराला, चार हंडे, तेही वरच्या घरांच्या पाणी ओढायच्या मोटारी बंद झाल्यावर. तेव्हापासून आमचे सगळे प्रश्न ‘काल’, ‘गेल्या मे महिन्यात’, ‘मागच्या बाळंतपणाला कुठं नेलं, गाडी कुणाची’ असेच असतात.

वही दिसली की लोकांना वाटतं रेशनकार्ड तपासायला आलेत. एका घरी तर आम्हाला बघून मोटारसायकल गोठ्यात गेली. उत्पन्न, जमीन, वाहन यांचा विषयच काढू नका. नाव लिहायचीही गरज नाही, वस्ती लिहिली की पुरे.

वेळेचं मात्र नीट बघा. आराखड्याची मोहीम साधारण ऑक्टोबरपासून चालते. आमच्याकडे त्याच दिवसांत ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. दिवाळीनंतर गेलात तर कुलपं आणि म्हातारी माणसं. कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणाऱ्यांना मागं राहिलेल्या पोरांच्या जेवणाची, शाळेची काळजी असते, पण ते सांगायला गावात कोण असतं? पुढच्या खेपेला आम्ही गणपतीतच फिरलो.

पैशांचंही आधीच सांगून टाका. आमच्या वेळी पंधराव्या वित्त आयोगाचा निधी होता. त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे ३० पाण्याला, ३० स्वच्छतेला. उरलेल्या ४० मध्ये बाकी सगळं गाव बसवायचं. हा हिशेब दारातच सांगितला की माणूस सभामंडपावरून आपसूक गटारीवर येतो.

शेवटी वस्तीवार आकडे खडूनं ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा, ग्रामसभेच्या आठवडाभर आधी. आणि महिला सभा त्याआधी घ्या. आमच्या भिंतीपुढं उभं राहून मावशींनी सगळ्यांदेखत सांगितलं, “चार नाही, आता तीनच हंडे येतात. खोडा ते.”