प्रिंट अस्सल, पण वर्णन खोटं

प्रश्न : मी जपानी वुडब्लॉक प्रिंट्स (कोरलेल्या लाकडी ठोकळ्यांवरून छापलेली चित्रं) जमवतो, त्यातही कोरियाची दृश्यं. मुंबईच्या एका विक्रेत्याकडून पाच महिन्यांपूर्वी जपानी चित्रकार हिरोशी योशिदांची ‘दाइदोमोन’ (प्याँगयांगच्या वेशीचं चित्र) १,१०,००० रुपयांना घेतली. ‘१९३७ ची, चित्रकाराच्या हयातीतली’ असं त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं होतं. फ्रेम बदलताना दिसलं की समासात ‘जिझुरी’ (चित्रकाराने स्वतः छापल्याचा) शिक्का नाही आणि सही पेन्सिलची नसून छापलेली आहे. विक्रेता म्हणतो, प्रिंट अस्सल आहे आणि बिलावर ‘माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलंय.
– एक वाचक, पुणे

उत्तर : विक्रेत्याचं अर्धं म्हणणं खरं आहे, आणि त्यांना पाठवायच्या नोटिशीत तुम्ही ते आधीच मान्य करून टाका. प्रिंट बनावट नाही. योशिदा १९५० साली वारले, त्यानंतरही घरच्यांनी त्यांच्या ठोकळ्यांवरून छपाई चालू ठेवली; तुमची प्रिंट त्यातलीच दिसते. ‘नकली माल दिला’ असं लिहिलंत तर ते सिद्ध करायची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडेल.

तुमची तक्रार वर्णनाची आहे. वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे, असं माल विक्री कायदा, १९३० चं कलम १५ सांगतं. प्याँगयांगच्या वेशीचं चित्र तेच असलं, तरी बाजारात भाव ठरतो तो जिझुरी, म्हणजे ‘स्वतः छापलेली’, या दोन जपानी अक्षरांवर. विक्रेता समासातल्या ‘शोवा १२’कडे (जपानी कालगणनेतलं १९३७) बोट दाखवेल. ते साल ठोकळ्यातच कोरलेलं असतं. चित्र कधीचं ते त्यावरून कळतं, छपाई कधीची ते नाही. बिलावरची ओळ तर सौदा ठरून पैसे दिल्यावर तुमच्या हातात पडली, तिला फारसं घाबरू नका.

‘घेतानाच का नाही पाहिलं?’ हे मात्र विचारतीलच. साधी काळजी घेऊन खरं कळलं असतं तर करार रद्द करता येत नाही, असा अपवाद करार कायद्याच्या कलम १९ मध्ये आहे. म्हणून फ्रेमवाल्याकडून चार ओळी लिहून घ्या : समास माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) पूर्ण झाकलेला होता, अमुक तारखेला उघडला. जुना माउंट टाकून देऊ नका.

पंधरा दिवसांची नोटीस द्या : प्रिंट परत घ्या, पैसे परत करा. नाही ऐकलं तर पुण्याच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जा. मुदत दोन वर्षांची आहे आणि मालासाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. व्हॉट्सअ‍ॅप चॅटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र लागेल.

त्या चॅटमधलं तुमचं एक वाक्य मला खटकलं : ‘दोन वर्षांनी विकली तर किती येतील?’ पुनर्विक्रीसाठी माल घेणारा कायद्याने ‘ग्राहक’ नसतो, आणि समोरचा वकील हेच वाक्य मोठ्याने वाचून दाखवेल. तरी ते पुसू नका, त्यांच्याकडे ते आहेच. आजवर एकही प्रिंट विकली नाही असं तुम्ही कळवलंय, तसं शपथपत्र करा आणि बाकी संग्रहाच्या पावत्या जोडा.

जाता जाता विचारलंत, ब्रिटिश चित्रकार एलिझाबेथ कीथची सोलच्या पूर्व वेशीची १९२० ची प्रिंट टोकियोला तपासायला पाठवू का? थांबा. शंभर वर्षं उलटलेली कलाकृती १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते, ती भारतीयच असावी असं त्या व्याख्येत म्हटलेलं नाही, आणि असा पुरावशेष खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून लेखी खुलासा घ्या. तोवर समासासकट चांगले फोटो पाठवा.