सणाला काय पाठवू, असं घरून विचारतात तेव्हा

प्रश्न : नोकरीसाठी तीन वर्षं परदेशात आहे. सण जवळ आला की आई आणि ताई फोनवर विचारतात, ‘तुला काय पाठवू?’ मी म्हणते, ‘काही नको.’ खरं तर मला बसायला धड खुर्ची हवी आहे, वाचायला दिवा आणि उबदार कोट. पण घर भाड्याचं, व्हिसा पुढे वाढेल की नाही ठाऊक नाही, शिवाय कमावत असताना घरी मागायचं कसं? गेल्या वर्षी त्यांनी न विचारता इस्त्री पाठवली. ती इथे धड तापतच नाही. घरी सांगू का?

उत्तर : आधी इस्त्रीचं. तुमच्याकडे वीज 120 व्होल्टची असणार. 230 व्होल्टसाठी बनवलेल्या इस्त्रीला तेवढीच मिळाली, तर तिची ताकद निम्मीसुद्धा राहत नाही, जेमतेम पाव उरते. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्ट नाही. इस्त्री बिघडलेली नाही, घरी नेलीत तर उत्तम चालेल. तिथली 120 व्होल्टची इस्त्री मात्र घरी नेऊन लावू नका, जळेल. फोनच्या चार्जरवर 100 ते 240 व्होल्ट असं छापलेलं असतं, म्हणून तो दोन्हीकडे चालतो.

आता ‘काही नको’बद्दल. मी अकरा वर्षं परदेशात होते आणि त्यातली पहिली सहा हेच सांगत राहिले. आई त्याचा अर्थ ‘तुला सुचेल ते पाठव’ असा घ्यायची. दर सणाला जड खोकं यायचं, आतल्या वस्तूपेक्षा टपालखर्च जास्त. पाचव्यांदा घर बदलताना त्यातली तीन खोकी देऊन टाकावी लागली. तिने हाताने बांधलेल्या सुतळ्या सोडवताना फार रडले.

अर्थशास्त्रज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी 1993 मध्ये हाच हिशोब मांडला होता. सणाला मिळालेल्या भेटींची किंमत किती असेल आणि भावनेचं मोल बाजूला ठेवून तुम्ही स्वतः त्यासाठी किती मोजाल, असं त्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं. त्यातून त्यांनी काढलं, की भेटीच्या किमतीतला दहावा ते तिसरा हिस्सा वाया जातो. दूरच्या नातेवाइकांच्या भेटींत नुकसान अधिक. आई काही दूरची नाही. पण तुमची खोली, तिथली थंडी, तिथला प्लग तिने पाहिलेला नाही, मग तिने अंदाज तरी कशावरून बांधायचा?

तेव्हा सांगा, जरूर सांगा. मात्र यादीतल्या तीनही वस्तू तिथेच घ्या. कोट तिथल्या थंडीसाठी शिवलेला हवा, दिवा तिथल्या विजेवर चालणारा. खुर्चीसाठी तर सणाची वाटही पाहू नका. मी ‘पुढच्या वर्षी परत जायचंच आहे’ म्हणत दोन वर्षं सुटकेसवर लॅपटॉप ठेवून, जमिनीवर बसून काम केलं. ती पाठदुखी आजही आहे. व्हिसाचं काय व्हायचं ते होईल, पाठ तुमचीच राहणार. देश सोडून निघालेल्यांकडे चांगल्या खुर्च्या स्वस्तात मिळतात. तुम्ही निघाल तेव्हा तुमचीही कुणी घेईल.

घरच्यांची पैसेच द्यायची इच्छा असेल तर ‘खुर्चीत निम्मे तुझे’ असं ताईला म्हणा. कमावत्या मुलीने घ्यावेत का, हा संकोच मलाही होता. पण तुम्ही नाही म्हणता, तेव्हा देणाऱ्याचे हात रिकामे राहतात. आणि तिचे निम्मे ज्या खुर्चीत गेले तिचा फोटो आठवणीने पाठवा.

घरून मागवायचं तर तिथे विकत न मिळणारं मागा. सातव्या वर्षी मी आईकडे तिची शिवणाची जुनी काळी कात्री मागितली. आई आधी रागावलीच, ‘नवी घे की!’ मी म्हटलं, मला हीच हवी. लहानपणी तिच्या कचकच आवाजानेच मी जागी व्हायचे. एक नातेवाईक येणार होते, त्यांच्याबरोबर तिने ती पाठवली, चेक-इन बॅगेत, कारण एवढी मोठी कात्री केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. मी पाठवलेल्या पैशांतून तिने स्वतःसाठी नवी घेतली. त्यानंतर चार घरं बदलली, कात्री प्रत्येक वेळी कपड्यांत गुंडाळून सर्वांत आधी सुटकेसमध्ये गेली.