‘फक्त चालते’

ताई,
माझं वय ४१, माध्यमिक शाळेत शिकवते. सहा महिन्यांपूर्वी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, स्लीव्ह. शाळेत सांगितलं, हर्नियाचं ऑपरेशन आहे. खरं काय ते फक्त नवऱ्याला आणि आईला ठाऊक. आतापर्यंत २९ किलो उतरले, मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या. पण रोज कुणीतरी विचारतं, ‘काय केलंस गं?’ मी म्हणते, ‘काही नाही, फक्त चालते आणि रात्री लवकर जेवते.’ शाळेतली एक मैत्रीण, माझ्याच बांध्याची, हे ऐकून तीन महिने रोज पहाटे तासभर चालतेय. तिचं दीड किलो उतरलं. परवा स्टाफरूममध्ये म्हणाली, ‘तुझ्यासारखी जिद्द माझ्यात नाही बाई.’ मला तिथे बसवेना. नवरा म्हणतो, आपलं पोट, आपला प्रश्न, कुणाला कशाला सांगायचं? नणंदेला संशय आलाय, ती चारचौघांत विचारते, ‘कापून घेतलंस की काय?’ मधल्या सुट्टीत मी अजून जुनाच मोठा डबा नेते, कुणाला कळू नये म्हणून. चार घास खाते आणि बाकीचा तसाच घरी आणते. माझं चुकतंय का?

*

तुमच्या पत्रात शस्त्रक्रिया आहे, मधुमेह आहे, नणंद आहे, पण मी अडकले ती त्या डब्यापाशी. रोज सकाळी तो भरायचा, खांद्याला लावून न्यायचा, चार घास खाऊन झाकण पटकन लावायचं, संध्याकाळी तेवढंच वजन परत आणायचं. २९ किलो कमी झाले आणि हे एक नवीन ओझं आलं.

आधी नवऱ्याचं बोलणं घेऊ, कारण ते अर्धं बरोबर आहे. तुमच्या पोटात काय कापलं, काय शिवलं, हे जाणून घ्यायचा हक्क शाळेला नाही, शेजारणीला नाही, नणंदेला तर नाहीच. मूळव्याधीचं ऑपरेशन झालेला माणूस कामावर परतल्यावर फळ्यावर लिहून जाहीर करत नाही, आणि कुणाची तशी अपेक्षाही नसते. वजनाच्या बाबतीतच लोकांना हिशेब का हवा असतो? कारण जाड माणसाचं शरीर ही सार्वजनिक मालमत्ता आहे, अशी आपली जुनी समजूत आहे. वाढलं तरी बोलायचं, उतरलं तरी विचारायचं. तेव्हा गप्प राहणं हा तुमचा हक्क आहे, आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका.

पण तुम्ही गप्प राहिला नाहीत. तुम्ही दुसरी गोष्ट सांगितलीत.

गुपित ठेवणं आणि थाप मारणं यातला फरक मी स्वतः ठेच खाऊन शिकले. काही वर्षांपूर्वी माझं गर्भाशय काढलं. ऑफिसात सांगायला लाज वाटली म्हणून पाठीचं दुखणं पुढे केलं. महिन्याने रुजू झाले तर एका सहकाऱ्यानं स्वतःचा कमरेचा पट्टा धुऊन, घडी करून आणून दिला. नाही कसं म्हणणार? चार दिवस तो बांधून बसले, शिवलेल्या पोटावर. पुढे वर्षभर मी खाली पडलेलं पेन उचलायला वाकले की कुणीतरी ओरडायचं, ‘अहो, पाठ!’ ‘एक ऑपरेशन होतं, आता बरी आहे’ एवढं बोलले असते तर पट्टा वाचला असता. पण माझ्या थापेचा त्रास मलाच झाला, दुसऱ्या कुणाच्या पाठीला नाही. तुमची थाप मात्र रोज पहाटे उठून चालायला जाते.

तिच्याकडे जरा नीट पाहू या. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढतात आणि एक अरुंद नळी उरते, हे तुम्हाला सांगायला नकोच. पण घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं, आणि नेमका तोच भाग जातो. म्हणजे तुमची आजची भूक ही सहा महिन्यांपूर्वीची भूक नाही. मैत्रिणीची भूक मात्र शाबूत आहे. उलट वजन थोडं उतरलं की शरीर ती वाढवतं आणि ऊर्जा जपून खर्च करायला लागतं. तासभर चालण्याने तिची साखर, रक्तदाब, झोप या सगळ्याला फायदा होत असणार, पण नुसत्या चालण्याने वजन फारसं हलत नाही. खरं तर दीड किलो हा काही वाईट आकडा नाही. तुमच्या २९ शेजारी ठेवला म्हणून तो केविलवाणा दिसतो, आणि शेजारी ठेवायला तिला तुम्हीच सांगितलंत, नकळत का होईना. आता ती स्वतःच्या जिद्दीत खोट काढतेय, आणि तिला अडवायला लागणारी माहिती तिच्या आसपास फक्त तुमच्याकडे आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जगाला सांगू नका. तिला सांगा.

तुम्ही इतकं का लपवलंत, तेही ओळींमधून दिसतंय. तुम्हाला ‘सोपा रस्ता पकडला’ हे ऐकायचं नाही. बरोबर? मग एकदा मोजून बघा काय सोपं होतं. भूल, टाके, आधी नुसतं द्रव आणि मग गाळलेलं जेवण, एक घोट पाणी जास्त झालं की छातीत भरून येणं, जन्मभर बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि ठरावीक काळाने रक्ततपासण्या. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागतात, तेही बहुतेक तुमच्या वाट्याला आलं असेल. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं २०१३ साली लठ्ठपणाला आजार म्हणून मान्यता दिली, पण स्टाफरूममध्ये तो अजूनही स्वभावदोषच आहे. मोतीबिंदू काढलेल्या माणसाला कुणी म्हणत नाही की डोळे ताणून बघायचा जरा प्रयत्न तरी करायचा. तुमच्या गोळ्या बंद झाल्या त्या उपचारामुळे. (हल्ली वजनाची इंजेक्शनं घेणारेही नेमकं हेच लपवतात, आणि तेही ‘फक्त चालतो’ असंच सांगतात. रस्त्यांवर इतकी माणसं खरोखर चालत असती तर!)

या बाबतीत दोन टोकांची माणसं आठवतात. अमेरिकेतल्या गायिका कार्नी विल्सन यांनी १९९९ साली वजन कमी करण्यासाठीची आपली जठराची बायपास शस्त्रक्रिया इंटरनेटवर थेट दाखवली. उलट अमेरिकेतल्याच न्यू जर्सी राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी फेब्रुवारी २०१३ मध्ये जठराला पट्टी बसवून घेतली ती गुपचूप, आणि मे महिन्यात ते जाहीर केलं. तुम्हाला यातलं कुणीच व्हायची गरज नाही. तुमच्यामागे ना कॅमेरे आहेत ना मतदार, एक मैत्रीण आहे.

कसं सांगायचं? स्टाफरूममध्ये नको, फोनवर नको, मेसेजवर तर अजिबात नको. एका पहाटे तिच्याबरोबर चालायला जा. शेजारी शेजारी चालताना एकमेकींच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, आणि अवघड गोष्टी तशाच बोलल्या जातात. आधी चूक कबूल करा, मग शस्त्रक्रियेचं सांगा: ‘मी तुला खोटं सांगितलं. ते हर्नियाचं नव्हतं. वजनासाठी ऑपरेशन करून घेतलं. तुझं उतरत नाही म्हणून तू स्वतःला बोल लावलास, तेव्हापासून मला झोप नाही.’ बस, एवढंच. ‘पण तू समजून घे, माझी परिस्थिती अशी होती’ हे लगेच जोडू नका, ती विचारेल तेव्हा सांगा. आणि ‘तूही करून घे ना’ हे तर चुकूनही नको. नाहीतर पहिल्यांदा थापेने आणि दुसऱ्यांदा सल्ल्याने, दोन्ही वेळा तुम्ही तिच्या शरीराबद्दल बोललात असं होईल.

तिनं आपणहून विचारलं, ‘माझं होऊ शकेल का?’ तर डॉक्टरांकडे बोट दाखवा, पण एक माहिती जरूर द्या. ही शस्त्रक्रिया कुणाची करायची, याचे १९९१ चे निकष वर्षानुवर्षं चालत आले: बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) ४०, किंवा ३५ आणि सोबत आजार. २०२२ साली या क्षेत्रातल्या दोन मोठ्या संघटनांनी ते बदलले. आता ३५ ला आजार असो वा नसो शस्त्रक्रिया सुचवली जाते, मधुमेहासारखा आजार असेल तर ३० पासून विचार होतो, आणि आशियाई वंशाच्या लोकांसाठी आकडा २७.५ धरतात. ‘मी काही तेवढी जाड नाही’ असं म्हणून डॉक्टरांना विचारतच नाहीत अशी पुष्कळ माणसं असतात. करायचं की नाही ते तिचं ती ठरवेल.

एक धोका मात्र आधीच पचवून ठेवा. सांगितलेलं परत घेता येत नाही. ती भली असेल, शब्दाची पक्की असेल, तरी तिला नवरा आहे, बहीण आहे. शुक्रवारपर्यंत सगळ्या शाळेला कळलं तर काय, हे आधी मनाशी बोलून बघा. लोक तुमच्या पानात डोकावतील. दीड-दोन वर्षांनी उतरणं थांबतं, त्यानंतर थोडं वजन पुष्कळांचं परत येतं. ते आलं की ‘ऑपरेशन करूनही?’ असं ऐकावं लागेल. हे होईलच असं नाही, पण होणार नाही असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. मला विचाराल तर तेवढी किंमत परवडण्यासारखी आहे. न सांगण्याचीही किंमत असते. भराभर उतरलेलं वजन पाहून लोक मनातल्या मनात मोठमोठे आजार जोडतात. तुमच्या पाठीमागे कुणीतरी ‘कॅन्सर’ हा शब्द उच्चारून झाला असेल, पैज लावा.

बाकीच्यांसाठी एक वाक्य पाठ करून ठेवा: ‘डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपचार घेतले, तपशील राहू दे.’ यात खोटं काही नाही. हे वाक्य हसत म्हणा आणि लगेच विषय बदला, दहावीच्या पेपरांवर या. नणंदेलाही हेच. ‘कापून घेतलंस की काय’ हा प्रश्न नव्हे, टोमणा आहे, आणि टोमण्याला उत्तर द्यायचं बंधन कुणावर नसतं. तरी तिनं चारचौघांत पुन्हा काढलंच तर नवऱ्याला बोलू द्या. बहीण त्याची आहे. ‘कुणाला कशाला सांगायचं’ हा त्याचाच सिद्धांत ना, मग तो राखायची जबाबदारीही थोडी त्याने उचलावी.

एका ठिकाणी मात्र निवडीचा प्रश्नच येत नाही. तुम्हाला तपासणारा प्रत्येक डॉक्टर, दातांचासुद्धा, याला खरं माहीत असलंच पाहिजे. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या जठराच्या बायपासनंतर टाळायच्याच असतात, आणि स्लीव्हनंतरही आपल्या सर्जनला विचारल्याशिवाय घ्यायच्या नसतात. उद्या वर्गात डोकं दुखलं आणि कुणी प्रेमानं पर्समधली गोळी पुढे केली तर ‘हर्नियावाली’ बाई काय म्हणणार? तुम्हाला चक्कर आली, उलट्या थांबेनात, तर दवाखान्यात नेणाऱ्याला काय सांगायचं ते शाळेतल्या निदान एका माणसाला ठाऊक हवं. ती मैत्रीणच झाली तर उत्तम, नाहीतर मुख्याध्यापिकांना बंद दाराआड सांगा.

उद्यापासून छोटा डबा न्या. कुणी विचारलं तर ‘आता एवढंच लागतं’ म्हणा. ते खरंच आहे.

मैत्रीण काय करेल ते मी सांगू शकत नाही. कदाचित हसेल, कदाचित गळ्यात पडेल. मला वाटतं, आधी चिडेल आणि दोन-चार दिवस तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसणार नाही. बसू नये तिनं. समजावायला मागे लागू नका, मध्यस्थ पाठवू नका. तीन महिने अंधारात उठलीय ती.