किरणोत्साराने काच खिळखिळी होते का?

प्रश्न : तारापूर आणि तुर्भे (ट्रॉम्बे) इथे अणुकचरा वितळलेल्या काचेत मिसळून गोठवतात. तो आतूनच मारा करत राहणार, मग काच टिकते कशी?

उत्तर : शंका रास्त आहे. पहिली काही शतकं मारा मुख्यतः सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांचा असतो. दोघांचं अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ) सुमारे ३० वर्षं. त्यांच्या बीटा-गॅमा किरणांनी काच तापते, पण अणू जागचे फारसे हलत नाहीत.

खरी मोडतोड होते अमेरिशियम, क्युरियम या जड मूलद्रव्यांच्या अल्फा-क्षयात, म्हणजे अणूचं केंद्रक अल्फा कण बाहेर फेकतं तेव्हा. तीही अल्फा कणापेक्षा मागे उसळणाऱ्या जड केंद्रकामुळे जास्त. त्याची ऊर्जा जेमतेम १०० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, धाव काही दहा नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). तेवढ्यात ते हजारभर अणू विस्थापित करतं. याची परीक्षा घ्यायला काचेत क्युरियम-२४४ (अर्धायुष्य १८ वर्षं) मिसळतात, म्हणजे हजारो वर्षांचा मारा काही वर्षांत होतो. निकाल दिलासा देणारा आहे: आकारमानात साधारण १ टक्क्याच्या आसपास फरक, कठीणपणा सुमारे एक तृतीयांशाने कमी, आणि मग बदल थांबतो. तडा जाण्याला विरोध तर उलट वाढतो. काचेची रचना मुळातच अव्यवस्थित, त्यामुळे ती फार बिघडत नाही.

आमच्या मते जास्त जपायचं ते ओतकामात आणि काचेच्या निवडीत. घाईने थंड केली तर काच तडकते आणि पाण्याला पृष्ठभाग वाढवून मिळतो. तुर्भ्याच्या कचऱ्यात सल्फेट असतं. नेहमीच्या बोरोसिलिकेट (बोरॉन आणि सिलिका असलेल्या) काचेत ते फारसं विरघळत नाही, पिवळा थर होऊन वेगळं होतं. हा थर पाण्यात विरघळतो आणि सीझियमही सोबत नेतो. म्हणून तिथे सल्फेट जास्त सामावून घेणारी बेरियमयुक्त बोरोसिलिकेट काच वापरतात.